बर्लिनमध्ये वे-गेतल्या रूममेटबरोबर नाचायला जाणे : अनुभव, सवयी आणि शंका

कृष्णाकाठची :

माझी मामेबहीण येत्या ऑक्टोबरात शिकायला बर्लिनला जात आहे आणि तिला नॉयकोल्न भागातल्या एका वे-गेत खोली मिळाली आहे. वे-गे म्हणजे तीन-चार अनोळखी माणसांनी मिळून एक घर भाड्याने घेण्याची आणि स्वयंपाकघर, न्हाणीघर सामाईक ठेवण्याची तिथली पद्धत. पुण्यात आपण फ्लॅट शेअर करतो तसेच ते असते, फक्त तिथे साफसफाईचे वेळापत्रक भिंतीवर लावलेले असते आणि ते खरोखर पाळले जाते. परवा मामींचा फोन आला. "तिकडची मुलंमुली रात्ररात्र नाचायला जातात म्हणे, आपलीही जाईल का गं?" असे त्यांनी विचारले. मी "जाईल" म्हटले आणि त्यानंतर फोनवर बराच वेळ कोणीच काही बोलले नाही. मामींना जे तोंडी नीट सांगता आले नाही, ते लिहून पाहावे आणि इतरांचेही अनुभव एकत्र करावेत म्हणून हा धागा काढत आहे.

मी २०१६ ते २०१९ या काळात तिथे राहिले. आमच्या घरात आम्ही चौघी होतो : पोर्तुगालची एक वास्तुविशारद, पोलंडची एक नर्स, लाइपझिगहून शिकायला आलेली एक मुलगी आणि मिरजेची मी. पहिल्या शनिवारी नाचायला जायचे ठरले तेव्हा मी रात्री साडेआठलाच तयार होऊन, काजळ घालून स्वयंपाकघरात येऊन बसले, तर बाकीच्या तिघी आपापल्या खोल्यांत गाढ झोपलेल्या होत्या. बारा वाजता त्यांचे गजर वाजले. मग सगळ्यांनी मी केलेली मुगाची खिचडी पोटभर खाल्ली आणि एक वाजता आम्ही घराबाहेर पडलो. रात्री लवकर झोपून उठायचे, जेवून निघायचे आणि एकच्या आधी क्लबच्या दारात जायचे नाही, ही तिथली रीत मला त्या रात्री कळली. शनिवारी रात्री निघण्याऐवजी रविवारी सकाळी न्याहारी करून जाणारेही पुष्कळ असतात. आमची नर्स तर रात्रपाळी संपवून थेट तिकडे यायची आणि तिच्या मते तीच सगळ्यात शहाणपणाची वेळ होती, कारण तोपर्यंत गर्दी ओसरलेली असे.

मामींची पहिली काळजी जाण्यायेण्याची आहे. शुक्रवारी आणि शनिवारी बर्लिनची भुयारी रेल्वे रात्रभर, साधारण दर पंधरा मिनिटांनी धावते, त्यामुळे मुंबईतल्या शेवटच्या लोकलसारखी धावपळ तिथे करावी लागत नाही. आमच्या बोडिनष्ट्रासे स्थानकावर पहाटे चार वाजतासुद्धा यू-८ च्या फलाटावर इतकी माणसे असत की मला तिथे कधी एकटे वाटले नाही. आठवड्याच्या मधल्या रात्री मात्र रेल्वे बंद असते आणि तिच्याच मार्गावरून त्याच क्रमांकाची रात्रबस अर्ध्या-अर्ध्या तासाने जाते. रस्त्यावर हातात बीअरची बाटली धरून चालणे तिथे कायदेशीर आहे, हे पाहून मामी दचकतील. त्याहून मला विशेष वाटले ते हे की रिकामी झालेली बाटली कोणी कचरापेटीत टाकत नाही, पेटीच्या शेजारी उभी करून ठेवते. दुकानात बाटली परत केली की अनामत मिळते, बीअरच्या बाटलीचे आठ सेंट आणि माटे नावाच्या त्या चहाच्या थंड पेयाच्या बाटलीचे पंधरा. ती गोळा करून गुजराण करणाऱ्या माणसाला पेटीत हात घालावा लागू नये, एवढाच त्यामागचा हेतू.

दारावरचा माणूस तुमच्या फोनच्या पुढच्या आणि मागच्या कॅमेऱ्यावर एकेक गोल चिकटपट्टी लावतो. आत छायाचित्र काढताना कोणी दिसले तर त्याला सरळ बाहेर काढतात. आमच्याकडे चुलतभावाच्या वरातीत मी दोन मिनिटे नाचले तर जेवणाची पंगत उठायच्या आत त्याची चित्रफीत कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर आलेली असते आणि कोणत्या आत्याने त्याखाली काय लिहिले याची चर्चा पुढे महिनाभर चालते. त्या चिकटपट्टीचे मला किती अप्रूप वाटले असेल, हे इथल्या अनेक जणींना वेगळे सांगायला नको.

तरीही पहिला अर्धा तास मी एका खांबाला टेकून, पिशवी छातीशी धरून उभी होते. वरातीत किंवा गणपतीपुढे नाचताना मिरवणूक पुढे सरकत असते, कोणीतरी हाताला धरून आत ओढते, मामा डोक्यावरून नोट ओवाळतात, आणि आपण नाचलो नाही तर ते लोकांना दिसते. इथे मला कोणी ओढत नव्हते आणि मी उभी आहे की नाचते आहे याच्याशी कोणालाही देणेघेणे नव्हते. शेवटी नर्स गर्दीतून आली, माझ्या हातातली पिशवी घेऊन कोट ठेवतात त्या खिडकीवर देऊन आली आणि तिथला क्रमांकाचा बिल्ला माझ्या मुठीत कोंबून पुन्हा नाहीशी झाली. हात मोकळे झाल्यावर मला ते संगीत ऐकू येऊ लागले. टेक्नो म्हणजे नुसती धडधड, असे मी मानत होते. पण खाली एकसारखा पडणारा ढोलाचा ठोका आणि त्यावर ताशाची तर्री असते ना, तशीच त्याची बांधणी आहे आणि ढोल-ताशावर वाढलेल्या पायांना ती लगेच समजते. त्या सकाळी सात वाजता एका कोपऱ्यात मी आणि नर्सने फुगडी घातली. हात तिढा घालून धरायचे, पायांचे अंगठे जुळवायचे आणि अंग मागे सोडून द्यायचे, एवढे तिला मी स्वयंपाकघरात आधीच शिकवले होते. शेजारच्या दोघांनी आम्हाला जागा करून दिली, आणि त्यापलीकडे कोणी मान वळवूनही पाहिले नाही.

आता मामींना खरे सांगायचे आहे ते याबद्दल. आमच्या घराच्या दारामागे किल्ल्या अडकवायच्या चार खुंट्या होत्या, प्रत्येकीची ठरलेली. आत जाताना आम्ही चौघी एकत्र जात असू, आत प्रत्येक जण आपापल्या जागी आपल्या मर्जीने नाचत असे आणि दर तासाला एकदा पाणी पिण्याच्या नळापाशी भेटायचे, असे ठरलेले होते. जिला आधी निघायचे असेल तिने निदान एकीला सांगून निघायचे आणि घरी आल्यावर किल्ली खुंटीला लावायची. उशिरा येणारी आधी खुंट्या पाहायची. एका रविवारी सकाळी दहा वाजता लाइपझिगवालीची खुंटी रिकामी होती, फोन बंद होता आणि तिने कोणालाच सांगितलेले नव्हते. दोन तास आम्ही तिघी ओळखीच्या प्रत्येकाला फोन करत होतो. बारानंतर बाईसाहेब आल्या. शहराभोवती गोल फिरणारी जी रिंगबान आहे तिला एक फेरी पूर्ण करायला साठ मिनिटे लागतात, त्या गाडीत तिला झोप लागली आणि तिने बर्लिनला पाच प्रदक्षिणा घातल्या. त्या दिवशी घरात जी बोलणी बसली तशी मला माझ्या आईकडूनही कधी बसली नव्हती.

माझे म्हणणे असे की जागा कोणती आणि किती वाजता, यापेक्षा बरोबर कोण आहे आणि परतताना कोण मोजणार आहे, हे मामींनी विचारावे. इतरांचे काय मत आहे?

टिळक रोड :

लेख प्रांजळ आहे, म्हणून माझी शंकाही प्रांजळपणे मांडतो. माझी मुलगी परदेशी शिकते आणि तिच्या नाचण्याला माझा विरोध नाही. परंतु हाच नाच संध्याकाळी सातला सुरू करून अकराला का संपवता येत नाही? रात्रभर जागून दुसऱ्या दिवसाचा बट्ट्याबोळ करण्यात कोणता आनंद आहे, हे मला खरोखर समजून घ्यायचे आहे. शिवाय शेजारपाजारच्या लोकांच्या झोपेचे काय होते, याचा उल्लेख लेखात नाही.

स्प्रेकाठचा :

अकराला का संपत नाही, याला बर्लिनपुरते एक ऐतिहासिक उत्तर आहे. युद्धानंतर शहराचे विभाग पडले, तेव्हा पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या भागांत मद्यालये बंद होण्याच्या वेळांवरून चढाओढ सुरू झाली, कारण ज्या बाजूची दुकाने उशिरापर्यंत उघडी त्या बाजूला गिऱ्हाईक जाणार. १९४९ मध्ये हाइन्झ झेलरमायर या हॉटेलचालकाने अमेरिकी सेनाधिकारी फ्रँक हाउली यांची भेट घेऊन ही बंद होण्याची वेळच रद्द करावी, अशी गळ घातली. जाताना त्यांनी व्हिस्कीची बाटली बरोबर नेली होती, असे सांगतात. वेळ रद्द झाली आणि आजतागायत पुन्हा तशी लागू झालेली नाही. करोनाच्या साथीत काही आठवडे आली तेवढीच.

दुसरा टप्पा भिंत पडल्यानंतरचा. नोव्हेंबर १९८९ नंतर पूर्व बर्लिनमध्ये कारखाने, गोदामे, वीजघरे अशा कितीतरी इमारती रिकाम्या पडल्या होत्या आणि त्यांचा मालक नेमका कोण हे ठरायलाच वर्षे जाणार होती. तरुण मुलांनी तिथे ध्वनिक्षेपक नेऊन ठेवले. वेर्टहाइम नावाच्या जुन्या, प्रचंड दुकानाची जमिनीखालची तिजोरीची खोली १९९१ मध्ये अशीच 'ट्रेझोर' झाली. गंजलेल्या लॉकरच्या रांगा, जाड भिंती आणि छताला टेकेल असे डोके. ती जागा २००५ मध्ये सोडावी लागली आणि २००७ मध्ये कोपेनिकर रस्त्यावरच्या एका जुन्या वीजकेंद्रात ते पुन्हा सुरू झाले. शेजाऱ्यांच्या झोपेबद्दल विचारले आहे त्याचे अर्धे उत्तर या भिंतींत आहे. यातल्या बऱ्याच जागा मुळात वस्तीपासून दूर किंवा तिजोरीसारख्या बंदिस्त होत्या. आता त्यांच्याभोवती नवी घरे उठत आहेत, भाडी वाढत आहेत आणि नाचाच्या जागा एकेक करून बंद होत आहेत. ओबरबाउम पुलाजवळचे, नदीच्या अगदी काठावरचे 'वॉटरगेट' २००२ पासून चालू होते, ते २०२४ च्या अखेरीस बंद झाले.

सरकारदरबारी या नाचाकडे कसे पाहतात, हेही टिळक रोड यांना रोचक वाटेल. 'बेर्गहाइन' या जुन्या वीजघरातल्या क्लबमधले कार्यक्रम करमणूक म्हणायचे की संगीताची मैफल, हा वाद न्यायालयात गेला होता, कारण करमणुकीवर १९ टक्के कर आणि मैफलीवर ७. न्यायालयाने २०१६ मध्ये ७ टक्क्यांच्या बाजूने निकाल दिला. आणि मार्च २०२४ मध्ये बर्लिनची टेक्नो संस्कृती जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत नोंदली गेली.

टिळक रोड :

सविस्तर उत्तराबद्दल आभार. कराचा निकाल मार्मिक आहे. परंतु माझा प्रश्न शेजाऱ्यांचा होता आणि लेखिकेने फुगडी स्वयंपाकघरात शिकवल्याचे लिहिले आहे. खालच्या मजल्यावर कोण राहत होते?

कृष्णाकाठची :

खालच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहत होत्या आणि त्या केरसुणीच्या दांड्याने छत ठोठावत असत. रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी दिवसभर आवाज करायचा नाही, हा तिथला नियम आहे, त्यामुळे चूक आमचीच होती. घरी नाचगाणे ठेवायचे असेल तर आठवडाभर आधी जिन्यात सर्वांना दिसेल अशी एक चिठ्ठी लावायची : अमुक शनिवारी आमच्याकडे आवाज होईल, त्याबद्दल क्षमस्व, असह्य झाल्यास हा दूरध्वनी क्रमांक, आणि आपणही यावे. आम्ही पहिली चिठ्ठी लावली तेव्हा बाईंनी तिच्यातल्या दोन व्याकरणाच्या चुका लाल शाईने दुरुस्त केल्या. शनिवारी मात्र त्या स्वतः केक घेऊन वर आल्या आणि साडेअकराला "आता पुरे" म्हणून गेल्या. त्यानंतर आम्ही संगीत बंद करून बाहेर पडलो.

पथकातला :

दहा ते सहा हीच वेळ आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतही आहे, हे नमूद करतो. कागदावर पुणे आणि बर्लिन सारखेच आहेत.

मी सहा वर्षे ढोल पथकात वाजवले आणि पुढे म्युनिकला ध्वनी अभियांत्रिकी शिकलो, म्हणून कानांबद्दल थोडे लिहितो. जर्मनीत अशा कार्यक्रमांसाठी जे मानक आहे त्यात श्रोत्यांच्या जागी अर्ध्या तासाची सरासरी ९९ डेसिबलच्या पुढे जाऊ नये, असे म्हटले आहे आणि पातळी ९५ च्या वर जाणार असेल तर कानात घालायचे बोळे उपलब्ध ठेवावेत, असेही सांगितले आहे. ९९ ही लहान संख्या नाही. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून दहा तास तिथे राहणाऱ्याने कानांत बोळे घातलेच पाहिजेत. माझा एक तुर्की रूममेट दाराच्या खुंटीवर किल्लीच्या जोडीला बोळ्यांची छोटी डबी अडकवून ठेवायचा. मी त्याला हसत असे. आज माझ्या डाव्या कानात रात्री शांत झाले की एक बारीक शिट्टी वाजते, आणि ती जर्मनीची की लक्ष्मी रस्त्याची हे मला सांगता येत नाही.

नुकताच परतलेला :

सर्व वर्णन रम्य आहे, परंतु दारावरून परत पाठवले जाण्याबद्दल कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो.

आम्ही चौघे एका घरात राहत होतो : मी, औरंगाबादचा एक मित्र आणि दोन जर्मन मुले. एका रात्री सव्वा तास थंडीत रांगेत उभे राहिल्यावर दारावरच्या माणसाने जर्मन मुलांना आत जाण्याची खूण केली आणि आम्हा दोघांकडे पाहून "आज नाही" एवढेच म्हटले. कारण विचारण्याची तिथे पद्धत नाही आणि सांगण्याचीही नाही. बूट चुकले असतील, आम्ही रांगेत मोठ्याने हसत होतो म्हणून असेल, किंवा आम्ही जसे दिसतो तसे दिसतो म्हणून असेल. मी ठिकाणाचे नाव लिहीत नाही, कारण नकाराचे कारण मला ठाऊक नाही. पण ते न कळणेच सर्वांत जास्त टोचते, हे ज्यांच्या वाट्याला आले आहे त्यांना समजेल.

आमची दोन्ही जर्मन मुले आत जाऊन मागे वळली, दारावरच्या माणसाशी काहीतरी बोलली आणि बाहेर आली. मी त्यांना जा म्हणत होतो, रांगेत आमच्याइतकीच तीही गारठली होती. त्यांनी ऐकले नाही. आम्ही कोटबुसर टोर चौकात डोनर कबाब खाल्ला आणि घरी येऊन स्वयंपाकघरातली खुर्च्या-टेबले जिन्यात काढून ठेवून, मोजे घालून, आवाज अगदी लहान ठेवून पहाटे पाचपर्यंत नाचलो. त्या दोघांपैकी एकाशी माझे अजूनही दर आठवड्याला बोलणे होते.

कायद्याबद्दल एक माहिती : जर्मनीत २००६ पासून समान वागणुकीचा कायदा आहे आणि वंशावरून किंवा वर्णावरून नाचाच्या जागी प्रवेश नाकारता येत नाही. एका कृष्णवर्णीय तरुणाला असाच प्रवेश नाकारला गेला, तेव्हा स्टुटगार्टच्या वरिष्ठ प्रादेशिक न्यायालयाने २०११ मध्ये त्याला ९०० युरो भरपाई द्यायला लावली. अर्थात दारावरच्या "आज नाही" या दोन शब्दांमागे काय होते हे सिद्ध करणे वेगळेच.

स्प्रेकाठचा :

हा अनुभव माझ्याही परिचयाचा आहे आणि त्याची सवय होत नाही. वयाच्या बाबतीत मात्र कायदा आपल्या बाजूने नाही. म्युनिकमध्ये ४४ वर्षांच्या एका गृहस्थांना वय जास्त दिसते म्हणून परत पाठवले होते आणि २०२१ मध्ये सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली. मी आता सत्तेचाळीस वर्षांचा आहे, त्यामुळे तो निकाल मी फार बारकाईने वाचला.

निवृत्त यंत्रज्ञ :

४४ व्या वर्षी परत पाठवत असतील तर स्प्रेकाठच्या गृहस्थांनी आउगुस्ट रस्त्यावरच्या क्लेर्खेन्स बालहाउसमध्ये जावे. तिथे कोणालाही म्हातारे म्हणत नाहीत.

मी १९९३ मध्ये एका यंत्राच्या प्रशिक्षणासाठी नऊ महिने पूर्व बर्लिनच्या लिश्टेनबेर्ग भागात एका वसतिगृहात होतो. खोलीत एक हंगेरियन फिटर आणि एक व्हिएतनामी विणकामगार असे माझे दोन सोबती होते. व्हिएतनामी गृहस्थ पूर्व जर्मनीचे सरकार असताना करारावर कामाला आले होते, कारखाना बंद पडला होता आणि तेव्हा ते सिगारेटी विकून दिवस काढत होते. तिघांची मिळून जर्मन भाषा एका माणसाइतकीही नव्हती. शुक्रवारी पगार झाला की हंगेरियन आम्हाला त्या बालहाउसमध्ये घेऊन जाई. हे नाचघर १९१३ पासूनचे आहे, म्हणजे दोन महायुद्धे, भिंत बांधणे आणि भिंत पाडणे एवढे सगळे त्याने पाहिले. तिथे वॉल्ट्झ आणि फॉक्सट्रॉट चाले, आणि अधूनमधून वादक "डामेनवाल" असे पुकारत, म्हणजे पुढच्या नाचासाठी बायकांनी जोडीदार निवडायचा. मला सांगोल्यात कोणा बाईने नाचायला बोलावले असते तर मी गाव सोडून पळालो असतो. तिथे साठीच्या एका बाईंनी माझ्यापुढे येऊन हात पुढे केला आणि मी उठलो, कारण न उठणे हा अपमान, असे हंगेरियनने बजावून ठेवले होते. त्यांनी मला पहिल्या चार पावलांतच ओळखले आणि पुढचा सगळा वेळ "एक, दोन, तीन" असे माझ्या कानात मोजत राहिल्या. परतताना शेवटची ट्राम चुकली की आम्ही तिघे दीड-दोन तास चालत जात असू आणि व्हिएतनामी गृहस्थ त्या रिकाम्या रस्त्यावर एकटेच वॉल्ट्झची पावले घालत पुढे जात. त्यांना आत कोणी फारसे बोलावत नसे.

रात्रपाळी :

मी जर्मनीत एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात काम करते. शनिवार-रविवारच्या रात्री आमच्याकडे जे येतात त्यांच्याकडे पाहून मामींच्या मुलीसाठी नव्हे, तर तिच्या रूममेटसाठी लिहिते.

दारूशिवाय तिथे इतर पदार्थही सहज मिळतात, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांतला एक द्रवरूप पदार्थ जी किंवा जीएचबी या नावाने ओळखला जातो. तो दारूबरोबर पोटात गेला तर माणूस बेशुद्ध होतो आणि श्वास मंदावतो. तोच पदार्थ दुसऱ्याच्या पेल्यात गुपचूप टाकण्याचे प्रकारही होतात, म्हणून पेला ठेवून नाचायला जाऊ नये आणि ठेवलेला पेला पुन्हा उचलू नये. सोबतीण उठवूनही उठत नसेल तर "झोपू दे, उतरेल" असे म्हणून तिला घरी नेऊ नये. तिला कुशीवर वळवावे, ११२ ला फोन करावा आणि जे घेतले असेल ते खरे सांगावे. डॉक्टर गोपनीयतेने बांधलेले असतात, ते पोलिसांना कळवायला बसलेले नसतात. भीतीपोटी माहिती लपवली जाते आणि तिथेच वेळ वाया जातो.

कोणी त्रास देत असेल तर जर्मनीत अनेक ठिकाणी बारवर जाऊन "लुइसा इथे आहे का?" एवढे विचारले तरी पुरते. ही योजना २०१६ मध्ये म्युन्स्टर शहरात सुरू झाली. हा प्रश्न ऐकला की तिथले कर्मचारी काही न विचारता तुम्हाला बाजूला नेतात, मैत्रिणीला बोलावतात किंवा टॅक्सी मागवतात. बऱ्याच क्लबांत यासाठी वेगळी माणसेही फिरत असतात, त्यांना अवेअरनेस टीम म्हणतात.

आमच्याकडे आलेल्या माणसाबरोबर कोणी आले आहे की नाही, हे मी सर्वांत आधी पाहते. कृष्णाकाठचीने खुंट्यांबद्दल लिहिले आहे, त्यावर मला वेगळे काही लिहायचे नाही.

वेम्ब्लीकर :

बर्लिनच्या धाग्यात लंडन घुसवत असल्याबद्दल क्षमा असावी, पण टिळक रोड यांच्या 'सातला सुरू करून अकराला संपवा' या सूचनेची एक आवृत्ती इकडे होऊन गेली आहे. १९८० च्या दशकात पंजाबी आणि इतर दक्षिण आशियाई घरांतल्या मुलामुलींना रात्री बाहेर पडू देत नसत, म्हणून भांगड्याचे कार्यक्रम चक्क दुपारी होत. मुले शाळा-कॉलेजच्या वेळेत येत, नाचत आणि संध्याकाळी अभ्यास करून दमल्यासारखी घरी जात. म्हणजे वेळ बदलली तरी घरी खोटे सांगणे काही चुकले नाही. आम्ही आता रात्रीच जातो, कारण २०१६ पासून शुक्रवार-शनिवारी इथेही काही मार्गांवर भुयारी रेल्वे रात्रभर चालते. घरात सहा जण आहोत आणि सकाळी आधी परतेल त्याने सर्वांसाठी चहा करायचा, असे ठरले आहे. त्यामुळे कोणी आधी परतत नाही.

टिळक रोड :

वेम्ब्लीकर यांचा मुद्दा मान्य आहे. मुलगी माझ्याशी खोटे बोलत नसावी, अशी आशा आहे. एक शेवटचा प्रश्न : वर्षातला एकही दिवस हे बंद नसते का?

स्प्रेकाठचा :

असते. गुड फ्रायडेला बर्लिनमध्ये पहाटे ४ पासून रात्री ९ पर्यंत सार्वजनिक नाचाला कायद्याने बंदी आहे, आणि नोव्हेंबरातल्या मृतांच्या स्मरणाच्या दोन रविवारीही तीच वेळ. दक्षिणेकडच्या बव्हेरियात ही बंदी याहून बरीच लांब चालते. प्रत्येक जण ती पाळतोच असे नाही, पण एका वर्षी आम्ही जिथे होतो तिथे बरोबर चार वाजता संगीत थांबले, दिवे लागले आणि दोनशे माणसे एकमेकांचे घामेजलेले चेहरे बघत उभी राहिली. माझ्या आयरिश रूममेटने तेव्हा "आता घरी जाऊन प्रार्थना करू" असे म्हटले, ते बहुधा गंभीरपणे.

उलट ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे ३ वाजता घड्याळ मागे करून २ वाजवतात, त्या रात्री नाचायला एक तास फुकट मिळतो. मामेबहीण त्याच महिन्यात पोचते आहे, तर तिला सांगून ठेवावे.

कृष्णाकाठची :

सर्वांचे आभार. रात्रपाळी यांचा प्रतिसाद मी जसाच्या तसा बहिणीला पाठवला आहे आणि तिने तो आपल्या होणाऱ्या रूममेटना भाषांतर करून पाठवला. पथकातले यांच्या सांगण्यावरून कानांचे बोळे घेतले आहेत. 'नुकताच परतलेला' यांचे लिहिणे मात्र मी मामींना वाचून दाखवलेले नाही, बहिणीला दाखवले आहे. ते तिला आधी माहीत असलेले बरे.

मामींना बाकीचे सगळे मी काल फोनवर वाचून दाखवले. फुगडीपाशी त्या हसल्या, जीएचबीपाशी पुन्हा गप्प झाल्या. "हे सगळं ठीक आहे, पण रविवारी किती वाजेपर्यंत तिला फोन करायचा नाही, तेवढं सांग" असे त्यांनी शेवटी विचारले. तिथले दुपारचे दोन वाजेपर्यंत करू नये, म्हणजे आपल्याकडचे साडेपाच, असे मी सांगितले. मग स्प्रेकाठच्यांनी लिहिलेले घड्याळाचे प्रकरण आठवले आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेसहा, अशी दुरुस्ती करावी लागली. मामींनी दोन्ही वेळा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाखाली लिहून घेतल्या आहेत.